पहिल्यांदा भारी कॉकटेल बारमध्ये जाताय? मग हे वाचा

हे बघ, पहिल्यांदा जातोयस तर टेबल मागूच नकोस, सरळ बार काउंटरवर बस आणि सात-साडेसातला पोच, तेव्हा गर्दी नसते, बारटेंडरला बोलायला वेळ असतो. मेन्यूतली चित्रं नि नावं बघून गांगरायचं नाही, खाली बेस (म्हणजे मूळ दारू कोणती) काय लिहिलाय तेवढं वाच, नाहीतर सरळ सांग की मला आंबट चालतं, गोड नको, कडू अजिबात नको. (निग्रोनी नावाचं कॉकटेल कडूच असतं रे, फोटो बघून मागवशील आणि तोंड वाकडं करशील, माझं झालंय.)

मिल्क पंच दिसला तर नक्की घे. दारू-लिंबाचं मिश्रण दुधात ओतून दूध फाडतात आणि गाळतात, जसं आपण पनीर करतो ना तसंच, फक्त इथे पनीर बाजूला आणि पाणी ग्लासात! येतं एकदम पाण्यासारखं नितळ, पण चढतं व्यवस्थित, म्हणून हळू पी. मोठा काचेसारखा बर्फ स्टाईलसाठी नसतो फक्त, तो हळू वितळतो, ड्रिंक पांचट होत नाही. वर धुराचा फुगा वगैरे असेल तर रील नंतर, आधी वास घे, सगळी मजा त्या दहा सेकंदांत असते.

आधी काहीतरी खाऊन जा, तिथले चखणे महाग. बिलात दारूवर व्हॅट वेगळा, खाण्यावर जीएसटी वेगळा, सर्व्हिस चार्ज नको असेल तर काढायला सांगता येतो. आणि हो, महाराष्ट्रात हार्ड ड्रिंकला २५ पूर्ण लागतात, आयडी ठेव. गाडी घरीच.