हायड्रोसायक्लोनचा कट सूत्राशी जुळत नाही, सीएफडी (प्रवाहाचं संगणकावरचं गणित) करून घ्यावं का?

आत्ता नको. आधी कॅलिपर घेऊन स्पिगॉट, म्हणजे सायक्लोनचं खालचं तोंड, मोजा.

तुमचा सायक्लोन (स्लरी भोवऱ्यासारखी फिरवून जाड कण खाली, बारीक वर काढणारं यंत्र) २५० मिमी व्यासाचा, स्लरी लोहखनिजाची, आर्टरबर्नच्या सूत्रानं कट (ज्या आकाराचे निम्मे कण खाली जातात तो आकार) २६ मायक्रॉन, तरी अंडरफ्लोत, म्हणजे खालून पडणाऱ्या प्रवाहात, चिकणमाती येते. सूत्राला दोष देऊ नका. व्यास सेंमीत धरून २.८४ × (२५)^०.६६ = २३.८. याला गुणक: १५ टक्के घन (आकारमानानं) म्हणून १.६१, १०० किलोपास्कल दाबासाठी ०.९०, सरासरी घनता ४ साठी ०.७४. गुणाकार २६च्या आसपास येतो. पण हा 'करेक्टेड' डी५० (दुरुस्त केलेला कट) आहे, त्यात पाण्याबरोबर फुकट खाली जाणारा गाळ धरलेलाच नाही.

अशाच एका वॉशिंग प्लांटमध्ये ड्रॉइंगवरचा ५० मिमीचा स्पिगॉट झिजून ५७चा झालेला होता, म्हणजे क्षेत्रफळ ३० टक्के जास्त. डिझाइनवाले मात्र ५०च धरून बसले आणि वर म्हणाले, मॉडेल कुचकामी, सीएफडीसाठी मेशिंग करा! पाणी खाली जास्त उतरत होतं, एवढीच भानगड. या मंडळींशी माझं अजून पटत नाही.

पाण्याचा वाटा काढायला फक्त घनाची वजनी टक्केवारी लागते. फीड (आत येणारी स्लरी) ४१, अंडरफ्लो ७०, ओव्हरफ्लो (वरून जाणारी) २० असेल तर पाणी-घन गुणोत्तरं १.४४, ०.४३, ४.०. घनाचा वाटा (४ − १.४४) ÷ (४ − ०.४३), म्हणजे ७२ टक्के, पाण्याचा ०.४३ ÷ १.४४ × ०.७२, म्हणजे २१ टक्के. अतिबारीक मातीचाही जवळपास तेवढाच भाग खाली जाणार, आणि २६ मायक्रॉनचा कण ५० नव्हे, ६० टक्के खाली दिसणार. अंडरफ्लो चुकून ७५ मोजलात की पाण्याचा वाटा थेट १६वर येतो. म्हणून नमुना घ्यायचा कटर फवाऱ्याच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत फिरवा. कडेला बाटली धरून भरलेला तो नमुनाच नव्हे. तिन्ही प्रवाह एकाच वेळी, थोड्या थोड्या वेळानं बरेच छोटे नमुने घेऊन भरा. मग प्रत्येक चाळणीच्या आकड्यांवरून घनाचा वाटा पुन्हा काढा. तो वरच्या ७२शी जमत नसेल तर सर्व्हे, म्हणजे हे सगळे नमुने, फेकून द्या, त्यावर कुठलंही मॉडेल बसवू नका.

सर्व्हे जमला की नागेश्वररावांचं (१९७८) किंवा प्लिटचं (१९७६) मॉडेल घ्या, घातांक तसेच ठेवा, स्थिरांक तुमच्या मालावर बसवा. न बसवता वापरून 'चालत नाही' म्हणणारेच जास्त.

सीएफडी वाईट नाही. इनलेटचा आकार, झीज यांसाठी उपयोगी. पण के-एप्सिलॉन हे टर्ब्युलन्सचं साधं मॉडेल लावून दिलेला रिपोर्ट परत पाठवा. भोवऱ्यातली टर्ब्युलन्स सगळ्या दिशांना सारखी नसते, तिथे रेनॉल्ड्स स्ट्रेस किंवा एलईएस (मोठे भोवरे थेट सोडवणारं) मॉडेल लागतं, शिवाय मधोमधचा हवेचा गाभाही धरावा लागतो.

हे सगळं अंडरफ्लो छत्रीसारखा फुटत असेल तरच. दोरीसारखी धार पडत असेल तर आकडेमोड बंद. स्पिगॉट वाढवा किंवा फीड पातळ करा. आणखी एक, सरासरी ४ ही घनताच फसवी आहे. त्याच सूत्रात २.६५ टाका, क्वार्ट्झचा कट ३४-३५ मायक्रॉन येतो, ५.२ टाकलं की हेमटाइटचा २२. दोघांचे कट वेगवेगळे काढा, आणि चाळणीतल्या प्रत्येक भागातल्या लोखंडाचं रासायनिक विश्लेषणही करून घ्या, नाहीतर ताडून कशाशी बघणार?