फायटर मासा झोपलाय, चिडलाय की आजारी आहे? नवीन लोकांचे प्रश्न

बेटा म्हणजेच फायटर घरी आणला की पहिल्या आठवड्यात बहुतेकांना दोनच भित्या असतात, एक तर मासा मरतोय किंवा मासा चिडलाय. यावेळी आलेले बरेच प्रश्न त्यातलेच आहेत, एकेक घेतो.

प्रश्न: माझा फायटर तासन्‌तास पानावर पडून असतो, कधी कधी चक्क एका कुशीवर. काचेवर टिचकी मारली की दचकून पळतो आणि परत तिथेच येऊन पडतो. आजारी आहे का?

आधी टिचकी मारणं बंद करा, झोपमोड होतेय बिचाऱ्याची. माशाला पापण्या नसतात त्यामुळे झोपला तरी डोळे उघडेच दिसतात, आणि लांब शेपटीच्या नरांना एवढा पिसारा ओढत फिरायचं म्हणजे दमणूक होते, म्हणून ते पानावर, फिल्टरच्या आडोशाला, कुठेही टेकतात. हीटरला चिकटून झोपत असेल तर हीटरला जाळीचं कव्हर घाला, भाजू शकतं. मधेच वर येऊन हवेचा घोट घेतो तेही नॉर्मल आहे, कल्ल्यांशिवाय त्याच्याकडे लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो आणि त्याने तो थेट हवेतला ऑक्सिजन घेतो. म्हणून टँक काठोकाठ भरायचा नाही, वर दोन-तीन बोटं जागा ठेवायची आणि झाकण लावायचंच, कारण हे उड्या मारतात.

मी स्वतः पडून राहण्याकडे फार बघत नाही. खाणं दिसलं की येतो का आणि कल्ले किती भराभर हलतायत, एवढंच बघतो. खाण्यावर धावून येणारा मासा आळशी असेल, आजारी सहसा नसतो. पण खाणं सोडलंय, पंख अंगाशी मिटून ठेवलेत आणि सारखा वर धाप टाकायला जातोय, तर थर्मामीटर बघा (25 ते 27 अंश सेल्सिअस हवं, थंड पाण्यात तो गळून जातो) आणि लगेच पाणी तपासा.

प्रश्न: काचेत स्वतःला बघून गालाजवळचं सगळं फुगवतो, काळी दाढी आल्यासारखी दिसते. त्रास होतोय का?

त्याला समोर दुसरा नर दिसतोय, म्हणून कल्ल्यांची झाकणं उघडून आपण केवढे मोठे आहोत ते दाखवतोय, याला फ्लेअर करणं म्हणतात. अधूनमधून मिनिटभर केलं तर काही बिघडत नाही, पण दिवसभर चालू असेल तर दमतो, काही जण तर स्वतःचीच शेपटी चावून फाडतात. खोलीत अंधार आणि टँकमध्ये लाइट असला की काचेचा आरसा होतो, त्यामुळे लाइट कमी करा किंवा मागच्या काचेला बाहेरून कागद लावा. आणि पाहुण्यांना गंमत म्हणून आरसा धरून ठेवायचा प्रकार मला अजिबात आवडत नाही.

प्रश्न: पाण्यावर एका कोपऱ्यात बारीक बुडबुड्यांचा फेस जमलाय, पाणी खराब झालं का? टँकमध्ये मादी नाहीये.

ते घरटं आहे. नर तोंडातून चिकट बुडबुडे सोडून ते बांधतो आणि मादी नसली तरी बांधतो. मादीने अंडी घातली की तीच अंडी तो तोंडाने उचलून या बुडबुड्यांत ठेवतो आणि राखण करत बसतो. मासा खूश आहे, पाणी मस्त आहे असा अर्थ मात्र काढू नका, खराब पाण्यातही घरटी बांधलेली दिसतात. पाणी बदलताना मोडलं तर मोडू दे, परत बांधेल.

प्रश्न: छोट्या बाऊलमध्ये ठेवलाय, दर रविवारी सगळं पाणी फेकून बाऊल साबणाने घासतो. इतकी स्वच्छता ठेवूनही सुस्त का?

या प्रश्नावर जरा थांबतो, कारण जास्तीत जास्त फायटर इथेच जातात. साबण तर आजच बंद करा, धुतला तरी अंश राहतो. माशाची घाण आणि उरलेलं खाणं यातून पाण्यात अमोनिया तयार होतो, तो दिसत नाही, पण कल्ले जाळतो. फिल्टरच्या स्पंजवर काही बॅक्टेरिया वाढतात, ते अमोनियाचं नायट्राइट करतात, तेही विषारीच, मग दुसरे बॅक्टेरिया त्याचं नायट्रेट करतात, जे थोडंफार असलं तरी मासा सहन करतो. ही साखळी बसायला साधारण 4 ते 6 आठवडे लागतात आणि तुमच्याकडे फिल्टरच नाही, वर सगळं घासून काढता, म्हणजे ती कधी बसतच नाही.

तर किमान 15-20 लिटरचा टँक, हळू प्रवाहाचा स्पंज फिल्टर, हीटर. पाणी आठवड्याला पाव भागच बदलायचं, नवीन पाण्यात क्लोरीन घालवणारं औषध टाकायचं आणि तापमान जुन्या पाण्याएवढं ठेवायचं. स्पंज नळाखाली धरायचा नाही, काढलेल्या टँकच्याच पाण्यात पिळायचा. टेस्ट किट घ्या, अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. साखळी बसेपर्यंत शून्य येणार नाही, तेवढे दिवस खाणं कमी आणि पाणी जास्त वेळा थोडं थोडं बदलणं, दुसरा शॉर्टकट नाही.

प्रश्न: मला बघितलं की नाचतो, किती वेळा खायला द्यायचं? आणि दाणा तोंडात घेऊन थुंकतो का?

तो कायमच नाचणार, भुकेचा संबंध नाही, तुम्ही म्हणजे खाणं हे त्याला कळलंय. दिवसातून दोनदा, 2-3 पेलेट बास. थुंकून परत खाणं म्हणजे दाणा मऊ करणं. पोट फुगलेलं वाटलं तर एक-दोन दिवस उपास. पण फुगण्यासोबत खवले बाहेर उभे राहिलेले दिसले तर ते अपचन नाही, माशांचं कळणाऱ्या डॉक्टरला दाखवा.

प्रश्न: एकटा कंटाळत असेल, अजून एक फायटर आणू का?

नर तर नकोच, दोघांपैकी एक फाटलेला किंवा मेलेला सापडेल. मादीही कायमची सोबत ठेवू नका, तो तिला धाव-धाव पळवतो. त्यापेक्षा रुंद पानांची झाडं आणि लपायला एखादी गुहा द्या, कडा बोटाने चाचपून मगच, टोचणारी असली तर पंख फाटतात.