सिबिल 520 आहे, तरी बँकेत साधं खातं उघडून मिळेल काय?

ताई, आधी सरळ उत्तर देतो, मिळतं. सिबिल 520 असू दे नाहीतर 300 असू दे, साध्या बचत खात्याचा आणि सिबिलचा काही संबंध नाही, आणि ज्या क्लार्कनं तुम्हाला "तुमचं सिबिल बसत नाही" म्हणून परत पाठवलं त्यानं जे सांगितलं ते कुठल्याच नियमात नाही. तुम्ही लिहिलंय की फायनान्सच्या दोन गटांचे हप्ते थकलेत, मिस्टरांच्या गाडीचं लोन तुमच्या नावावर होतं तेही थकलंय, आधार अजून माहेरचं म्हणजे महाराष्ट्रातल्या चंदगडकडचं आहे, आणि आता बेळगावच्या उद्यमबागेत पॅकिंगचं काम लागलंय तर मालक म्हणतो पगार खात्यावरच घालणार, रोख नाही. हे वाचलं आणि मला माझं 2021 साल आठवलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो, लांब झालं तर सांभाळून घ्या.

मी वडगावचा, विणकर. घरात चार माग, साडीचं काम. 2019 च्या ऑगस्टमध्ये शेडमध्ये गुडघाभर पाणी शिरलं, दोन मोटरी गेल्या, बीमवरचं सूत कुजलं, ते निस्तरतोय तोवर लॉकडाऊन लागलं. माग बंद म्हणजे मजुरी बंद आणि मजुरी बंद म्हणजे हप्ता बंद. मागासाठी काढलेलं लोन एका बँकेत होतं, माझं बचत खातं त्याच शाखेत, बायको जामीन आणि तिचं खातंही तिथंच, त्या वेळी वाटायचं की सगळं एका ठिकाणी आहे ते बरंच आहे. 2021 ला काम परत सुरू झालं, साडीवाल्या मालकानं पंधरा दिवसांची मजुरी 6,200 खात्यावर टाकली, मी दुपारी आईच्या शुगरच्या गोळ्या आणायच्या म्हणून एटीएमवर गेलो तर बॅलन्स शून्य. शाखेत जाऊन पासबुक छापून घेतलं. एका ओळीत 6,200 जमा, त्याच्या खालच्याच ओळीत 6,200 लोनला वर्ग, दोन्हीकडं तारीख एकच. ते पासबुक अजून आहे माझ्याकडं, ते पान घडीवर फाटायला आलंय इतक्या जणांना मी ते दाखवलंय.

कर्ज माझं होतं, थकवलं मी होतं, आणि बँकेला तो हक्क असतो, थकलेल्या कर्जापोटी त्याच बँकेतल्या तुमच्या खात्यावरचे पैसे वळते करून घ्यायचा, कर्जाच्या कागदांवर आपण जिथं जिथं सह्या करतो त्यात ते लिहिलेलं असतं. पण घरात गोळ्या नाहीत आणि मजुरी आली तशी गेली, त्या दिवशी काय वाटलं ते सांगता येत नाही. म्हणून तुमच्यासाठी सिबिलपेक्षा हीच गोष्ट मोठी आहे: ज्या बँकेचं लोन थकलंय त्या बँकेत पगाराचं खातं उघडू नका. गाडीचं लोन ज्या बँकेचं, ती बँक सोडून दुसरी कुठलीही घ्या.

आणि इथं एक खाच आहे जी आपल्या भागात खूप जणांना लागते. बँकांची नावं बदललीत. सिंडिकेट बँक 2020 च्या एप्रिलपासून कॅनरा बँकेत गेली, कॉर्पोरेशन आणि आंध्रा बँक त्याच दिवशी युनियन बँकेत, त्याच्या आदल्या वर्षी विजया आणि देना बँक ऑफ बडोदात, आणि आपली कर्नाटक विकास ग्रामीण बँक 2025 च्या मे पासून कर्नाटक ग्रामीण बँक झाली. म्हणजे लोन जुन्या सिंडिकेटचं असेल आणि तुम्ही कॅनरात खातं काढलं तर ती दुसरी बँक नाही, तीच आहे. आमच्या गल्लीत एकाचं असंच झालं, बोर्ड वेगळा दिसला म्हणून निवांत होता.

आता नियमाचं बोलू. सिबिल म्हणजे तुम्ही घेतलेलं कर्ज कसं फेडलं त्याचा हिशोब, 300 ते 900 मधला एक आकडा. लोन मागायला गेलात तर बँकेनं तो बघावा, बघणारच. पण बचत खात्यात तुम्ही बँकेकडं पैसे ठेवताय, बँक तुम्हाला देत नाहीये, मग त्यात तुमचं सिबिल बघायचं कारणच काय? रिझर्व्ह बँकेनं 2012 साली सगळ्या बँकांना सांगितलंय की बेसिक सेव्हिंग खातं, बीएसबीडीए म्हणतात त्याला, ते मागेल त्याला द्यायचं. त्यात मिनिमम बॅलन्स नाही, शून्य ठेवला तरी दंड नाही, एटीएम कार्ड फुकट, पैसे भरायला महिन्यात कितीही वेळा चालतं आणि काढायला महिन्यातून किमान चार वेळा काही चार्ज नाही. जनधन खातंही याच जातीचं, 2014 च्या ऑगस्टला सुरू झालं ते. हे फक्त गरिबांसाठी आहे असंही नाही, कुणीही मागू शकतं, फक्त एकाच बँकेत बेसिक आणि दुसरं बचत खातं अशी दोन्ही ठेवता येत नाहीत.

मग क्लार्क नाही का म्हणतो? माझा अनुभव सांगतो. मी दुसऱ्या बँकेत गेलो तेव्हा पहिल्या दिवशी काउंटरवरचा म्हणाला "नाळे बर्री", उद्या या. उद्या गेलो तर म्हणाला सर्व्हर नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाला दोन हजार भरून साधं खातं काढा, झिरोवालं बंद झालं, आणि मी विचारलं की बंद कधी झालं तर म्हणाला तुमचं सिबिल चेक करावं लागतं. मला वाटतं त्यांच्या डोक्यावर टार्गेट असतं, बॅलन्स राहणारी खाती पाहिजे असतात, झिरो खात्यात काम तेवढंच आणि मिळकत काही नाही. पण त्याचा त्रास आपण का सोसायचा? मी काय केलं तर एका कोऱ्या कागदावर हिंदीत अर्ज लिहिला, मला बीएसबीडीए खातं पाहिजे, आधार आणि पॅन जोडलंय, देता येत नसेल तर कारण लिहून द्यावं. दोन प्रती, एकीवर पोचचा शिक्का मागितला. शिक्का म्हटल्यावर क्लार्क तो कागद घेऊन केबिनमध्ये गेला, मॅनेजरनं आत बोलावलं, आवाज न चढवता दोन मिनिटं बोलले, आणि अर्ध्या तासात फॉर्म हातात. लेखी मागणीपुढं "सिबिल" हा शब्द परत कुणाच्या तोंडातून निघाला नाही.

फॉर्मचं एक सांगतो कारण चंदगडकडच्या माणसाला कन्नड वाचता येत नाही आणि तिथंच जीव दबतो. बँकेचे फॉर्म तीन भाषेत छापलेले असायला पाहिजेत, कन्नड, हिंदी आणि इंग्रजी. हिंदीचा भाग आपल्याला वाचता येतो, अक्षर तेच आहे. न वाचता कुठं सही करू नका, विशेषतः फॉर्मच्या मागं विम्याचा नाहीतर हप्ता कापायच्या परवानगीचा कागद जोडलेला असतो, तो नको असेल तर नको म्हणा, खातं त्याच्यावाचून उघडतं.

कागद काय लागतात: आधार, पॅन, दोन फोटो, चालू मोबाईल नंबर. पॅन नसेल तर पॅन नसल्याचा फॉर्म भरून देतात, त्यावर अडवलं तर ऐकू नका. आधारवर महाराष्ट्राचा पत्ता आहे म्हणून बेळगावात खातं मिळत नाही असं काही नाही, आधारावर केवायसी करून सध्या कुठं राहताय तो पत्ता तुम्ही स्वतःच्या सहीनं लिहून देऊ शकता. लग्नानंतर नाव बदललं असेल आणि आधारवर एक, पॅनवर दुसरं असं असेल तर मात्र ते आधी एकसारखं करून घ्या, बायकांचं काम इथंच जास्त अडकतं, सिबिलवर नाही. ज्यांच्याकडं काहीच कागद नाही त्यांना फोटो आणि सही-अंगठ्यावर छोटं खातं मिळतं पण त्यात एका वेळी 50,000 च्या वर शिल्लक नाही आणि महिन्यात 10,000 च्या वर काढता येत नाही आणि 12 महिन्यांत कागद द्यायचे असतात, तुमच्याकडं आधार आहे म्हणजे तिकडं जायचं कारण नाही.

बँकेत जायचंच नको वाटत असेल तर पोस्टाची पेमेंट्स बँक बघा, आयपीपीबी. ती 2018 पासून आहे, पेमेंट्स बँकेला लोन द्यायला परवानगीच नाही म्हणून तिथं तुमच्या कर्जाचं कुणाला देणंघेणं नसतं. दोन लाखांपर्यंत शिल्लक ठेवता येते, पोस्टमन घरी येऊन अंगठ्यावर खातं काढतो. पगारासाठी चालतं, मालकाला फक्त खाते नंबर आणि आयएफएससी द्यायचा असतो. आणि गल्लीतल्या सौहार्द सहकारी सोसायटीत खातं काढून देतो म्हणून कोण म्हणालं तर लक्षात ठेवा की सौहार्द सोसायटी ही बँक नाही, बँकेतल्या ठेवीला पाच लाखांपर्यंत जो विमा आहे तो तिथं नाही. तिथली माणसं ओळखीची असतात, हप्ता गोळा करायला घरी येतात, हे सगळं चांगलंय, पण पगाराचं खातं तिथं नको.

आता जे मला दोन वर्षांनी कळलं ते. मी माझं खातं बदललं पण बायकोचं तसंच राहिलं. 2023 ला कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना महिन्याला 2,000 सुरू झाले, हिनं नवीन बँकेत खातं काढून ठेवलं होतं, आणि पहिले पैसे आले ते जुन्या बँकेत, जिथं ती माझ्या लोनला जामीन. का, तर सरकारी पैसे खाते नंबर बघून येत नाहीत, आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलंय तिथं जातात, त्याला सीडिंग म्हणतात. नवीन खातं काढलं तरी सीडिंग आपोआप हलत नाही. नवीन बँकेत वेगळा फॉर्म द्यावा लागतो की माझं आधार डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यावर येण्यासाठी, या खात्याला जोडा. ती त्या दिवशी पासबुक हातात घेऊन माझ्यासमोर नुसती उभी राहिली, काही बोलली नाही, आणि मला तिच्याकडं बघवेना. ताई, तुम्ही खातं काढाल त्याच दिवशी हा फॉर्म पण द्या, आठ दिवसांनी मायआधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटसमध्ये कुठल्या बँकेचं नाव येतंय ते बघा. तुम्ही कोणाला जामीन असाल तर तीही बँक टाळायच्या यादीत धरा.

एवढं करून शाखेनं नाहीच म्हटलं तर त्याच बँकेच्या तक्रार विभागाला लिहा, 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं तक्रार करता येते, फी नाही, वकील लागत नाही, 14448 वर फोन करून विचारता येतं. पण तोवर पगार थांबवून बसू नका, दुसऱ्या बँकेत जा, बेळगावात बँकांना काय कमी आहे.

खातं उघडल्यावर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे शिल्लक नसताना उचल, मागू नका. जनधनवर 10,000 पर्यंत मिळतं असं लोक सांगतात, ते खरं आहे, पण ते कर्जच आहे, द्यायचं की नाही ते बँक ठरवते आणि तिथं मात्र सिबिल बघू शकतात.

आणि एक मनापासून सांगतो. कर्जात असलेल्या माणसाकडं लोक येतात, तुझ्या नावानं खातं काढ, एटीएम आणि सिम आम्हाला दे, महिन्याला पाच हजार देतो. फसवणुकीचे पैसे फिरवायला अशी खाती लागतात, पोलीस येतात तेव्हा नाव तुमचं असतं आणि खातं गोठलं की पगारही अडकतो. पैशाची कितीही नड असली तरी याला हो म्हणू नका. तसंच पैसे घेऊन सिबिल साफ करून देतो म्हणणाऱ्याला एक रुपया देऊ नका, रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो, सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स, सीआरआयएफ हाय मार्क चारही ठिकाणाहून, काढून बघा, फायनान्सची लोनं बऱ्याचदा शेवटच्यात सापडतात. त्यात फेडलेलं लोन अजून थकीत दाखवत असेल तर तक्रार टाकता येते. जे खरंच थकलंय ते फेडल्याशिवाय जात नाही.

फेडायचं कसं ते पगार सुरू झाल्यावर. फायनान्सवाल्यांना स्वतःहून सांगा की काम लागलंय, महिन्याला एवढं देऊ शकते, आणि भरलेल्या प्रत्येक पैशाची पावती घ्या. कमी रकमेत मिटवतो म्हणाले तर रिपोर्टवर "सेटल्ड" लागतं, पूर्ण भरलं तर "क्लोज्ड", पुढं कधी घरासाठी लोन लागलं तर हा फरक बघतात. गटाच्या छोट्या लोनच्या वसुलीवाल्यांना सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर, आणि बाकीच्या लोनच्या वसुलीवाल्यांना सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायची परवानगी नाही, दारात येऊन शिवीगाळ तर नाहीच, कर्नाटकात या त्रासावर 2025 च्या फेब्रुवारीत सरकारला वटहुकूम काढावा लागला, म्हणजे तुम्ही एकट्या नाही आहात.

जाताना सोमवार आणि महिन्याची पहिली तारीख टाळा, पेन्शनवाल्यांची गर्दी असते. मधल्या दिवशी दहा साडेदहाला जा, आधार-पॅनच्या दोन झेरॉक्स, फोटो आणि तो लिहिलेला अर्ज आधीच पिशवीत ठेवा. पहिला पगार आला की मेसेज बघून थांबू नका, पासबुक छापून घ्या आणि जमेच्या खालची ओळ बघा.