हायस्कूल डिप्लोमाच्या बदलत्या अटी : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आम्ही कॅलिफोर्नियात राहतो. आमच्या स्कूल डिस्ट्रिक्टपुढे, म्हणजे इथल्या सार्वजनिक शाळा चालवणाऱ्या संस्थेपुढे, बारावीअखेरच्या हायस्कूल डिप्लोमाच्या अटी बदलण्याचा प्रस्ताव आहे. गणिताची दोनऐवजी तीन वर्षे, एथ्निक स्टडीजचे (विविध वांशिक समाजांच्या इतिहास-संस्कृतीचे) एक सत्र आणि पर्सनल फायनान्सचे एक सत्र सक्तीचे होईल, असे सांगितले जाते. आमची मुलगी २०२८ मध्ये हायस्कूल पूर्ण करील आणि मुलगा २०३१ मध्ये. या अटी दोघांनाही लागू होतील का? मुलगी शाळेच्या वाद्यवृंदात आहे. तो तास आता सोडावा लागेल, या विचाराने ती अस्वस्थ आहे. – एक पालक

उत्तर : मुलीला प्रथम धीर द्या. अशा अटी साधारणपणे विद्यार्थ्याच्या ‘क्लास ऑफ’ वर्षानुसार (हायस्कूल पूर्ण करण्याच्या वर्षानुसार) लागू होतात, म्हणजे ठरावात ज्या वर्षाचा उल्लेख असेल त्या तुकडीपासून पुढे. आणि ज्यांचे हायस्कूल अर्धे झाले आहे त्यांच्यावर मध्येच नवा विषय लादला जाऊ नये, यासाठी ते वर्ष सहसा नववीत अजून न आलेल्या मुलांचे असते. तरीही ‘सहसा’ या शब्दावर विसंबू नका. ठरावाचा मसुदा मिळवून त्यातले वर्ष स्वतः वाचा आणि मुलीच्या काउन्सेलरकडून (शाळेतल्या मार्गदर्शकाकडून) तिला लागू असलेल्या अटींची यादी लेखी घ्या.

मुलाच्या बाबतीत तिन्ही विषयांचा उगम वेगवेगळा आहे, आणि तो समजल्याशिवाय प्रस्तावावर मत बनवणे कठीण आहे. अमेरिकेत डिप्लोमाच्या किमान अटी राज्य ठरवते आणि डिस्ट्रिक्ट त्यांत भर घालू शकतो. कॅलिफोर्नियाचे किमान प्रमाण असे : इंग्रजी तीन वर्षे, गणित दोन, विज्ञान दोन, समाजशास्त्रे तीन, शारीरिक शिक्षण दोन, आणि कला, परकीय भाषा किंवा व्यवसायशिक्षण यांपैकी एकाचे एक वर्ष. पर्सनल फायनान्सचा निर्णय राज्याचाच आहे. २०२४ च्या कायद्यानुसार २०२७-२८ पासून शाळांनी तो विषय उपलब्ध करून द्यायचा आहे आणि २०३०-३१ मध्ये बाहेर पडणाऱ्या तुकडीपासून तो सक्तीचा आहे. आपला मुलगा नेमका त्याच पहिल्या तुकडीतला आहे, त्यामुळे डिस्ट्रिक्टचा कारभार पाहणाऱ्या बोर्डाने काहीही ठरवले तरी हा विषय त्याला घ्यावाच लागेल. हे सत्र पूर्ण करणाऱ्याला अर्थशास्त्राच्या सक्तीच्या सत्रातून सूट मागण्याची मुभा त्याच कायद्यात आहे, हे लक्षात ठेवा. एथ्निक स्टडीजसंबंधीचा राज्याचा कायदा २०२१ चा असला, तरी त्याची अंमलबजावणी विधिमंडळाने निधी देण्यावर अवलंबून ठेवलेली आहे. डिस्ट्रिक्ट मात्र स्वतःच्या अधिकारात तो विषय सक्तीचा करू शकतो. गणिताचे तिसरे वर्ष हा तर सर्वस्वी डिस्ट्रिक्टचा निर्णय ठरेल.

या तिसऱ्या वर्षाला माझा पाठिंबा आहे, पण एका अटीवर. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी या दोन्हींच्या प्रवेशासाठी ‘ए-जी’ नावाने ओळखले जाणारे पंधरा वर्षभराचे विषय लागतात. त्यांत गणिताची तीन वर्षे आहेत आणि प्रत्येक विषयात किमान सी श्रेणी हवी. डिप्लोमा मात्र गणिताच्या दोन वर्षांवर आणि डी या उत्तीर्णतेच्या सर्वांत खालच्या श्रेणीवरही मिळू शकतो. परिणामी एखादे मूल चार वर्षे नियमित शाळेत जाते, समारंभात डिप्लोमा घेते आणि राज्याच्याच विद्यापीठासाठी अपात्र ठरते. ज्या घरात पालकांनी अमेरिकन हायस्कूल स्वतः पाहिलेले नाही, तिथे ही गोष्ट फार उशिरा कळते. डिस्ट्रिक्टने दोन्ही याद्या एकमेकींच्या जवळ आणल्या तर ही फसगत कमी होते. लॉस एंजेलिस डिस्ट्रिक्टने २००५ मध्ये ए-जी विषय सर्वांना सक्तीचे करण्याचा ठराव केला होता. पुढे सी श्रेणीचीही अट येणार होती, परंतु मोठ्या संख्येने विद्यार्थी डिप्लोमाला मुकतील हे दिसल्यावर २०१५ मध्ये बोर्डाने डी श्रेणी ग्राह्य ठेवली. यावरून मला वाटते ते असे की, विषय वाढवताना उन्हाळी वर्ग, शिकवणी आणि नापास विषय पुन्हा घेण्याची सोय यांसाठी पैसा आणि शिक्षक कुठून येणार, हे ठरावातच लिहिलेले असले पाहिजे. ते नसेल, तर अट वाढल्याचा भार नेमका दुर्बळ मुलांवर पडतो.

वाद्यवृंदाची चिंता आपल्या मुलीपेक्षा मुलासाठी अधिक खरी आहे. दिवसाला सहा तासिका असतील तर चार वर्षांत चोवीस वर्षभराचे विषय बसतात. सक्तीचा प्रत्येक नवा विषय या चोविसांतूनच जागा घेतो आणि पहिला धक्का संगीत, व्यवसायशिक्षण किंवा परकीय भाषेच्या तिसऱ्या वर्षाला बसतो. सात तासिकांचे वेळापत्रक, किंवा एकाच विषयाने दोन अटी पूर्ण होण्याची तरतूद, हे यावरचे खरे उपाय आहेत, आणि ते बोर्डाकडे मागण्याजोगे आहेत. कॅलिफोर्नियात सार्वजनिक सभांसंबंधीच्या ब्राऊन कायद्यानुसार नियमित सभेची कार्यक्रमपत्रिका किमान ७२ तास आधी जाहीर करावी लागते आणि सभेत नागरिकांना बोलण्याची संधी द्यावी लागते. आपण जावे आणि मुलीलाही बोलू द्यावे. वाद्यवृंदातल्या विद्यार्थिनीने स्वतःचे वेळापत्रक समोर ठेवून मांडलेली अडचण बोर्डाला तपशिलात कळते.

प्रश्न : माझी भाची महाराष्ट्रात दहावी करून आता कॅलिफोर्नियात अकरावीत प्रवेश घेत आहे. तिचे आधीचे शिक्षण नव्या अटींत धरले जाईल का? – एक वाचक

उत्तर : धरले जाते, मात्र ते कसे मोजायचे हे शाळा ठरवते. इथले हायस्कूल नववीपासून सुरू होत असल्याने केवळ दहावीची गुणपत्रिका पुरत नाही; नववीचीही द्यावी. आपल्याकडे गणित एका विषयात बीजगणित आणि भूमिती असे शिकवले जाते, म्हणून दोन्ही वर्षांचा अभ्यासक्रम सोबत जोडावा, म्हणजे तिला पूर्वी शिकलेले पुन्हा घ्यावे लागणार नाही. शारीरिक शिक्षणाची श्रेणी बिनमहत्त्वाची समजून वगळू नका. इथे ती दोन वर्षांची अट आहे. अमेरिकेचा इतिहास बहुतेक शाळांत अकरावीत आणि शासनव्यवस्था बारावीत असते, त्यामुळे तिकडे तिचे काही बुडालेले नाही. तिचे शिक्षण मराठी माध्यमातून झाले असेल तर परकीय भाषेची अट त्यावरून पूर्ण मानता येईल का, हे काउन्सेलरला अवश्य विचारा.

प्रश्न : काही राज्यांनी शेवटची परीक्षाच काढून टाकली. मग डिप्लोमाला किंमत काय उरली? – एक आजोबा

उत्तर : मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी एमकॅस ही राज्याची परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट रद्द केली, न्यूयॉर्क राज्यही रीजन्ट्स नावाच्या आपल्या परीक्षांची सक्ती टप्प्याटप्प्याने काढण्याच्या मार्गावर आहे, कॅलिफोर्नियाने आपली परीक्षा २०१५ मध्येच थांबवली. आपली शंका रास्त आहे, पण विषय उत्तीर्ण होण्याची अट तिन्हीकडे कायम आहे, आणि मॅसॅच्युसेट्समध्ये ती परीक्षा अजूनही घेतली जाते. फक्त तिच्यावर डिप्लोमा अडत नाही. आपल्या दहावीच्या बोर्डाशी तुलना केल्यास हे विचित्र वाटते. इथल्या विद्यापीठांचे लक्ष मात्र चार वर्षांच्या ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे कोणते विषय घेतले आणि त्यांत कोणत्या श्रेणी मिळाल्या यावर असते. त्यामुळे नातवंडांची ती यादी दर सत्राला पाहत जा.