झेंड्याबद्दल विचारणाऱ्या मुलीला

प्रिय मुली,

सप्रेम सलाम.

तुझं पत्र दोनदा वाचलं. तरुण संघाच्या खोलीत एकाने इस्राएलचा झेंडा लावला. त्याच खोलीत दुसरा म्हणाला, ज्यांनी प्रभूला मारलं त्यांचं असंच व्हायचं. आणि तू विचारतेस, मी कुणाच्या बाजूने उभी राहू? कुणाच्याच नाही. त्या दोघांपैकी एकालाही यहुदी माणूस दिसलेला नाही. एकाला तो भविष्यवाणीचा पुरावा वाटतो, दुसऱ्याला शापाचा. यहुदी कोण, त्याचा विश्वास काय, त्याला भीती कशाची वाटते, हे यहुद्याच्याच तोंडून ऐक. मला एवढंच सांगायचंय आणि पत्रभर मी तेच सांगणार आहे.

आधी शापाचं बघू. मत्तय 27:25 मधला जमाव येशूला मारायची मागणी करताना ‘त्याचं रक्त आमच्यावर आणि आमच्या मुलांवर असो’ असं ओरडला, आणि तेवढ्यावर ख्रिस्ती जगाने एका अख्ख्या समाजाला पिढ्यान्‌पिढ्या देवाचे मारेकरी ठरवलं. आपण प्रोटेस्टंट, आपला पंथ ज्याच्यापासून सुरू झाला त्या लूथरचं नाव अभिमानाने घेतो. त्याच लूथरने 1543 साली यहुद्यांची सभास्थानं जाळा, घरं पाडा, ग्रंथ काढून घ्या, असं लिहिलं. चारशे वर्षांनी नाझींनी ते लिखाण वापरलं. युद्ध संपल्यावर ऑक्टोबर 1945 मध्ये जर्मन प्रोटेस्टंट पुढाऱ्यांनी स्टुटगार्टला अपराधाची कबुली दिली. त्यांच्यात हिटलरच्या कैदेत राहून आलेले लोक होते, म्हणजे भ्याड नव्हेत. तरी त्या कबुलीत यहुद्यांचा उल्लेखच नाही. साठ लाख माणसं मारली गेली आणि पश्चात्तापाच्या कागदावर त्यांना जागा मिळाली नाही. ज्यांचं आपण कधी ऐकलंच नाही, ते पश्चात्ताप करतानाही आठवत नाहीत.

कॅथलिकांकडे बदल झाला, त्याच्या मुळाशी एक यहुदी म्हातारा आहे. ज्यूल इसाक हे फ्रेंच इतिहासकार. बायको आणि मुलगी नाझींच्या आउशवित्झ छळछावणीत मारली गेलेली. जून 1960 मध्ये ते पोप तेविसावे जॉन यांना भेटले आणि चर्च यहुद्यांविषयी तिरस्कार कसा शिकवत आलं, ते त्यांनी मांडलं. पोपनी ऐकून घेतलं. 28 ऑक्टोबर 1965 ला व्हॅटिकन परिषदेचा 'नोस्त्रा एताते' हा जाहीरनामा निघाला. प्रभूच्या दुःखसहनाचा दोष त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर लादता येत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. समोरच्याचं ऐकलं की काय घडतं ते बघ.

आता झेंडा. तो मुलगा म्हणेल, मी तर यहुद्यांवर प्रेम करतो. उत्पत्ती 12:3 काढून दाखवेल, तुला आशीर्वाद देतील त्यांना मी आशीर्वाद देईन, असं देव अब्राहामाला म्हणतो ते. त्याला शांतपणे विचार, पुढे काय? डार्बी या ब्रिटिश प्रचारकाने मांडलेला आणि 1909 च्या स्कोफील्ड बायबलच्या (टिपांसह छापलेल्या इंग्रजी बायबलच्या) टिपांमधून पसरलेला शेवटल्या काळाचा आराखडा त्याने कुठल्यातरी प्रवचनात ऐकलेला असणार. त्यात यहुद्यांनी आपल्या देशात परतायचं, महासंकटात सापडायचं, बहुतेकांनी मरायचं आणि उरलेल्यांनी येशूला मानायचं. माणूस मरणार किंवा बदलणार या आशेवर उभं असलेलं प्रेम मला मान्य नाही, कधीच नव्हतं. सियोनवाद, म्हणजे यहुद्यांना स्वतःचा देश हवा ही मागणी, ही तर यहुद्यांची स्वतःची चळवळ, युरोपातल्या छळातून उभी राहिलेली. 1897 ला स्वित्झर्लंडमध्ये बाझेलला तिची पहिली परिषद भरली तेव्हा धार्मिक यहुद्यांमधूनही तिला कडाडून विरोध झाला. त्यांच्यातला तो वाद आजही चालू आहे. तो वाद आधी ऐक, मग झेंड्याचं बघू.

लांब जायला नको. आपल्या कोकणात बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे यहुदी, आहेत. जॉन विल्सनसारख्या मिशनऱ्यांनी मुंबईत त्यांना शिकवलं, मराठीतून हिब्रू व्याकरण दिलं. ते शिकले आणि अधिक पक्के यहुदी झाले. आपल्या मंडळीत हे अपयश म्हणून सांगतात तेव्हा मला राग येतो. रेवदंड्याच्या एका बेने इस्राएल आजींनी मला मालिद्याला, त्यांच्या नैवेद्याच्या विधीला, बसवलं होतं. ताटात भिजवलेले गोड पोहे, ओलं खोबरं, वर फळं, आणि एलियाहू हन्नाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव. त्यांचा भाऊ इस्राएलला गेलेला. तिथे धर्मपीठाने बेने इस्राएलांच्या लग्नांवर शंका घेतली, तेव्हा ही माणसं रस्त्यावर उतरली आणि 1964 मध्ये तिथल्या संसदेकडून आपण पूर्ण यहुदी असल्याचं वदवून घेतलं. आजी त्या देशावर जीव लावून बोलत होत्या आणि त्याच देशावर चिडतही होत्या. तुमच्या खोलीतल्या कुठल्या बाजूला बसवशील त्यांना?

आणि बेथलेहेमच्या ख्रिस्ती लोकांना? त्यांचंही त्यांच्याच तोंडून ऐक. पॅलेस्टिनी ख्रिस्ती लोकांनी 2009 मध्ये काढलेलं 'कैरोस पॅलेस्टाइन' हे निवेदन वाच. 2023 च्या नाताळात तिथल्या लूथरन चर्चने बाळ येशूला ढिगाऱ्यात ठेवलं, कारण गाझात मुलं ढिगाऱ्याखाली मरत होती. 7 ऑक्टोबरला हमासने घरात घुसून मारलेल्या यहुदी कुटुंबांसाठी रडायचं आणि गाझासाठीही रडायचं, यात मला विसंगती दिसत नाही. इस्राएलच्या सरकारवर टीका म्हणजे यहुदीद्वेष नव्हे. पण त्या टीकेत 'यांनीच तर प्रभूला' हे शब्द शिरले, की बोलणाऱ्याला तिथेच थांबव.

मला आधी यहुद्यांचा वकील म्हणाले, मग हमासचा. मंडळीच्या पंचकमिटीतून माझं नाव गळालं, जुने मित्र दुरावले, त्याचं दुःख आहेच. पण मी दोन्ही वेळा एकच वाक्य बोलत होतो: ज्याचं त्याच्याच तोंडून ऐका. आवाज खाली ठेवला असता तर मित्र राहिले असते, असं घरचे म्हणतात. असेलही. शुभ शुक्रवारच्या नाटकात कयफाला, येशूवर खटला चालवणाऱ्या यहुदी महायाजकाला, वाकडं नाक लावून कमरेला पैशांची थैली बांधताना बघून गप्प बसणं मला जमलं नसतं.

तेव्हा येत्या रविवारी झेंडा उतरवा म्हणून भांडू नकोस. ज्याने तो लावला आणि ज्याने शाप दिला, त्या दोघांना घेऊन अलिबागला जा. तिथलं सभास्थान बघा, जी दोन-चार घरं उरली आहेत तिथे बसा. सुवार्ता सांगायला जाऊ नका. यंदाच्या नाटकाची संहिता कुणी लिहितंय ते कळव, आणि जमावाचा प्रवेश तालमीआधी मला पाठव.

तुझा,
काका