महापालिकेच्या निवारा केंद्रातली चावरी कुत्री सुधारू शकतात का?

हो, बरीचशी सुधारतात. पण कुत्र्यावर ‘आक्रमक’ हा शिक्का कोण आणि कशाच्या आधारे मारतो, तिथेच खरी मेख आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात निर्बीजीकरण, लसीकरण झालेली भटकी कुत्री मूळ जागी सोडायला सांगितली. रेबीजची, रेबीजच्या संशयाची आणि आक्रमक कुत्री मात्र त्यातून वगळली. रेबीज झालेल्यावर इलाज नाही. आक्रमकतेचं तसं नसतं. जाळं टाकून पकडलेलं कुत्रं घाबरून गुरगुरणारच. जखम ठणकत असेल किंवा पिल्लं जवळ असतील तर चावेलही. म्हणून त्याला आधी शांत पिंजरा, ठरावीक माणूस आणि ठरावीक वेळी खाणं द्यावं. तपासणी त्यानंतर, आणि एकदाच नव्हे.

अमेरिकेत २००७ मध्ये फुटबॉलपटू मायकेल विकच्या अड्ड्यावरून झुंजीची सुमारे ५० कुत्री जप्त झाली. सरसकट मारण्याऐवजी प्रत्येकाची वेगळी तपासणी झाली आणि आक्रमकतेमुळे फक्त एका कुत्रीला मारावं लागलं. जास्त अवघड अशी २२ कुत्री युटामधल्या ‘बेस्ट फ्रेंड्स’ संस्थेकडे गेली. पुढे त्यांतली कित्येक घरांत रुळली.

आपल्याकडे पालिकेचा ठेका बहुतेकदा शस्त्रक्रियांच्या संख्येवर असतो, वर्तन प्रशिक्षकाच्या पगाराची तरतूदच नसते. नगरसेवकाला भेटलात तर आधी हीच तरतूद मागा, आणि आक्रमकतेचे लेखी निकषही.