हलकं पण मोठ्या बोरचं रिव्हॉल्व्हर बाळगणं आणि चालवणं कसं असतं? गोव्यात असं मिळेल का?

तुम्ही लिहिलंय की सत्तरी तालुक्यात काजूची बागायत आहे, रात्री गवे आणि रानडुकरं उतरतात, आणि कुठल्यातरी व्हिडिओत ७०० ग्रॅमचं .४४ मॅग्नम बघितल्यापासून तसलं काहीतरी कमरेला असावं असं वाटतंय. माझ्याकडे लायसन्सवर हलकं .३२ बोरचं (बोर म्हणजे नळीच्या आतला व्यास) रिव्हॉल्व्हर आहे आणि तुम्ही म्हणताय ते .४४ मी अमेरिकेत चुलतभावाकडे गेलेलो तेव्हा तिथल्या रेंजवर चालवलंय, म्हणून लिहितोय.

ते म्हणजे स्मिथ अँड वेसनचं ३२९पीडी. फ्रेम स्कँडियम मिसळलेल्या ॲल्युमिनियमची, काडतुसं ठेवायचा फिरता सिलिंडर टायटॅनियमचा. हातात घेतलं की खेळण्यातलं वाटतं. कमरेला लावून दिवसभर हिंडा, पट्टा खाली ओढत नाही, म्हणूनच तिकडे अस्वलांच्या भागात फिरणारे लोक ते बाळगतात. पण चाप ओढला की सगळी वसुली होते. काडतूस तेच, दारू तेवढीच, त्याच कंपनीचं जुनं स्टीलचं मॉडेल २९ सव्वा किलोच्या आसपास आणि हे त्याच्या जेमतेम निम्म्याहून थोडं जास्त, मग धक्का जवळजवळ दुप्पट बसणारच. नळी वर उडते त्याची सवय होईल एकवेळ, पण मूठ अंगठ्याच्या बुडाशी अशी आदळते की हात थोडा वेळ बधिर. भावाने बारीक लाकडी मूठ काढून मागचा धातू झाकणारी जाड रबराची बसवली होती, तरी ही गत. आणि सिलिंडर नि नळीच्या मधे जी फट असते तिच्याजवळ बोट चुकूनही नको, तिथून गरम गॅस बाजूला फुटतो.

मला खरी गंमत वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. दोन काडतुसं शिल्लक असताना भावाने थांबवलं, सिलिंडर उघडायला लावला आणि ती दोन बाहेर काढून नवीन काडतुसाशेजारी उभी करून दाखवली. त्यांच्या गोळ्या पुंगळीतून (काडतुसाच्या धातूच्या कवचातून) किंचित पुढे सरकलेल्या, नखाला कळण्याइतक्या! रिव्हॉल्व्हर धक्क्याने इतक्या झटक्यात मागे येतं की न झाडलेल्या काडतुसातली गोळी जागच्या जागी राहायला बघते आणि पुंगळी मागे खेचली जाते. जास्त सरकली तर गोळीचं टोक सिलिंडरच्या पुढे येऊन फ्रेमला अडतं आणि सिलिंडर फिरतच नाही. जीव वाचवायला घेतलेलं हत्यार ऐन वेळी बंद. जड स्टीलच्या रिव्हॉल्व्हरमधे हा त्रास फार कमी.

म्हणजे हलकेपणा बाळगणाऱ्याच्या फायद्याचा, चालवणाऱ्याच्या नाही. आणि चालवताना दुखतं म्हणून माणूस प्रॅक्टिस टाळतो, मग नेम कुठून येणार.

आता आपल्याकडचं. .४४ विसरा. इथे .३८, .४५५, ९ एमएम हे सगळे प्रोहिबिटेड म्हणजे कायद्याने बंदी असलेले बोर, सामान्य माणसाला मिळत नाहीत, आणि स्वतः परदेशातून मागवायचं दार कित्येक वर्षं बंद आहे. जुनी इम्पोर्टेड हत्यारं फिरतात त्यांच्या किमती ऐकूनच घाम फुटेल. मुख्यतः राहिलं .३२. त्यात हलकं म्हणाल तर कानपूरचं ‘निर्भीक’ नावाचं, २०१४ मधे आलं, टायटॅनियमचा मिश्रधातू, वजन ५०० ग्रॅम, तेव्हा किंमत सव्वा लाखाच्या जवळपास. महिलांसाठी म्हणून जाहिरात केलेली, किमतीवरून लोकांनी टीकाही भरपूर केली. २०२३ मधे ‘प्रबळ’ नावाचं आलं, ते थोडं जड पण सिलिंडर बाजूला उघडतो, भरायला बरं. .३२ चं काडतूस मुळात सौम्य, त्यामुळे हलक्या रिव्हॉल्व्हरमधेही धक्का सोसतो. तिथे अडचण वेगळीच. घोडा (मागचा हातोडा) न चढवता नुसता चाप ओढून झाडायचं तर बोटाला लागणारा जोर रिव्हॉल्व्हरच्या वजनाच्या कितीतरी पट, मग ओढता ओढताच नळी बाजूला जाते. यावर इलाज म्हणजे रिकामं करून, दोनदा तपासून, भिंतीकडे धरून घरी चाप ओढायचा सराव. कंटाळवाणं आहे पण मला त्याचाच सगळ्यात जास्त उपयोग झाला.

पण गव्यासाठी .३२? नको हो. गवा जखमी झाला तर तुमचंच काही खरं नाही, वर वन्यजीव कायद्यात तो सगळ्यात वरच्या शेड्यूलमधे, शिवाय आपला राज्यप्राणी. रानडुकरालाही परवानगीशिवाय हात लावता येत नाही. बागायतीसाठी सोलर कुंपण आणि वनखात्याशी बोलणं हेच खरं, आणि अर्ज करायचाच तर शेतीसंरक्षणाच्या बंदुकीचा विचार करा, रिव्हॉल्व्हरचा नव्हे.

तरी स्वतःच्या सुरक्षेसाठी पाहिजेच असेल तर सत्तरी उत्तर गोव्यात, म्हणजे अर्ज पणजीला कलेक्टरकडे. पोलिसांची चौकशी होते, लायसन्स आता पाच वर्षांचं असतं, २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका माणसाकडे दोनच हत्यारं. निवडणूक आली की पोलीस स्टेशनवर जमा करायची नोटीस येते, आणि आपल्याकडे विधानसभा, झेडपी, पंचायत काही ना काही चालूच असतं. पावसाळ्यात चामड्याच्या होल्स्टरमधे घालून कपाटात ठेवू नका, चामडं ओल धरतं, बुरशी येते आणि आत स्टीलचे भाग गंजतात, फ्रेम कितीही टायटॅनियमची असो. मी तेलाचा हात फिरवून कोरड्या कापडात गुंडाळून कुलपात ठेवतो, काडतुसं वेगळ्या कुलपात.